पंख नसलेली माशी, दोन डोक्यांचा बेडूक आणि विंट प्रथिनं

रानवाटा (धागाकर्ती)

मेंदूवरच्या मागच्या धाग्यात एकाने विचारलं होतं, की गर्भात मेंदू घडवणारी प्रथिनं आणि मोठेपणी चेतापेशींचं आपापसातलं बोलणं सांभाळणारी प्रथिनं वेगवेगळी असतात का? तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा. एका वाक्यात सांगायचं तर बऱ्याचदा तीच असतात. त्यातलं माझ्या सर्वांत ओळखीचं कुटुंब म्हणजे विंट. फळमाश्यांच्या लॅबमध्ये उमेदीची वर्षं घालवल्यामुळे थोडा पक्षपात होणार, तेवढा चालवून घ्या.

गोष्ट नवी दिल्लीपासून सुरू करते. तिथल्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत, म्हणजे पुसा इन्स्टिट्यूटमध्ये, आर. पी. शर्मा यांना फळमाश्यांचा एक विचित्र वाण मिळाला. काही माश्यांना दोन्ही पंख, काहींना एकच, काहींना एकही नाही. त्यांनी १९७३ साली माशीवाल्यांच्या एका माहितीपत्रिकेत त्याची छोटीशी नोंद दिली आणि नाव ठेवलं 'विंगलेस'. १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रांबरोबर त्यावर सविस्तर निबंध आला. (चोप्रा मूळचे गव्हाच्या जनुकशास्त्रातले. पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले.) या माश्यांची खरी गंमत अशी, की पंख नव्हता तिथे जागा रिकामी नव्हती. तिथे पाठीचाच तुकडा पुन्हा एकदा, उलट्या बाजूने उगवला होता. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या. पंख व्हायचा निरोप मिळाला नाही म्हणून त्या पाठ झाल्या होत्या.

या गोष्टीचा दुसरा पदर उंदरांचा. काही जातीच्या उंदरांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण आईच्या दुधातून पिल्लांत जातं, हे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. ते कारण म्हणजे एक विषाणू निघाला. हा विषाणू पेशीच्या डीएनएमध्ये घुसून बसतो. १९८२ मध्ये रोएल नुसा आणि हॅरल्ड वार्मस यांनी पाहिलं, की अनेक गाठींमध्ये तो एकाच जनुकाच्या शेजारी जाऊन बसलाय आणि एरवी गप्प असणारं ते जनुक त्याने जागं केलंय. त्याला त्यांनी इंट-१ म्हटलं.

त्याच सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस माशीच्या अळ्यांच्या अंगावरचे पट्टे बिघडवणारी जनुकं शोधत होते. १९८० च्या त्यांच्या यादीत विंगलेसही होतं. ते पूर्ण निकामी केलं तर पंखांचा प्रश्नच उरत नाही, भ्रूणच नीट घडत नाही. शर्मांच्या माश्या जगल्या त्या बिघाड सौम्य होता म्हणून.

१९८७ मध्ये नुसांच्या ॲम्स्टरडॅमच्या गटाने माशीतलं इंट-१ शोधून काढलं आणि ते नेमकं विंगलेस निघालं. उंदराची गाठ आणि माशीचा पंख, एकच जनुक. १९९१ मध्ये दोन्ही नावं जोडून 'विंट' हे नाव ठरलं. माणसात अशी १९ जनुकं आहेत, माशीत ७.

न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना १९९५ चं नोबेल मिळालं, योग्यच मिळालं. पण मी शिकत असताना पुसा इन्स्टिट्यूटचं नाव एकाही शिक्षकाने काढलं नाही, हे मला अजून खटकतं.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते. प्रश्न येऊ द्या.

टवाळ_टग्या

पैला नंबर. वाचनखूण साठवली. बेडकाची दोन डोकी शीर्षकात टाकून लेखात कुठेच नाहीत, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

निळी_शाई

सुंदर लिहिलंय ताई. माझं विज्ञान दहावीला संपलं, त्यामुळे बाळबोध प्रश्न. प्रथिन 'निरोप' देतं म्हणजे नक्की काय करतं? ते पेशीच्या आत जातं का?

रानवाटा

@निळी_शाई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, यावर माणसांनी पंधरा-वीस वर्षं घालवली आहेत.

निरोप पोचवण्यासाठी विंटला आत जावं लागत नाही. एक पेशी ते बाहेर सोडते, शेजारची पेशी आपल्या पटलावरच्या ग्राहीने ते पकडते. हा ग्राही म्हणजे फ्रिझल्ड. त्याची ओळख १९९६ मध्ये पटली, त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका पूर्णिमा भानोत. सोबत एलआरपी नावाचा दुसरा ग्राही लागतो, तो २००० मध्ये सापडला.

आत काय होतं ते आता बघा. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं आणि सतत नष्ट केलं जात असतं. अ‍ॅक्सिन, एपीसी, जीएसके-३ अशी चार-पाच प्रथिनं मिळून त्याच्यावर फॉस्फेटची खूण करतात. खूण झाली की पेशी ते मोडीत काढते. बाहेरून विंट येऊन चिकटलं की ही टोळी विस्कटते. मग बीटा-कॅटेनिन साठत जातं, केंद्रकात शिरतं आणि तिथली ठरावीक जनुकं चालू करतं.

म्हणजे विंट थेट काही 'चालू' करत नाही, चाललेली मोडतोड थांबवतं. मला ही रचना पहिल्यांदा शुद्ध उधळपट्टी वाटली होती. रोज बनवा आणि रोज फेका! पण फायदा असा की माल आधीच तयार असतो. निरोप आला की नव्याने बनवायची वाट बघावी लागत नाही, फक्त फेकणं थांबवायचं.

@टवाळ_टग्या, घ्या तुमची दोन डोकी. १९८९ मध्ये अँड्र्यू मॅकमहन आणि रँडल मून यांनी आफ्रिकी नखवाल्या बेडकाच्या भ्रूणात उंदराच्या इंट-१ चा आरएनए टोचला. भ्रूणात पाठीचा कणा जिथे घडतो तो अक्षच दुहेरी झाला. एका धडाला दोन डोकी असलेले बेडूकमासे! उंदराचा निरोप बेडकाच्या पेशींना बिनचूक कळला.

टवाळ_टग्या

पैसे वसूल.

स्टेथोस्कोप

उत्तम धागा. मी पोटविकारवाला, त्यामुळे एपीसीचं नाव दिसल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे हे प्रथिन रोज भेटतं. ज्या घराण्यांत एपीसी जनुकाची बिघडलेली प्रत पिढीजात चालत येते, त्यांच्या मोठ्या आतड्यात तरुणपणीच शेकडो, कधी हजारो पॉलिप (अस्तरावरच्या छोट्या गाठी) येतात आणि आतडं वेळेत काढलं नाही तर कर्करोग जवळपास ठरलेला. हे जनुक १९९१ मध्ये सापडलं. घराण्यात काही नसलेल्या, साध्या आतड्याच्या कर्करोगांमध्येही बहुतेकदा हेच जनुक निकामी झालेलं दिसतं.

कारण रानवाटा यांनी वर सांगितलंच आहे. मोडतोड करणारी टोळी मोडली की विंट नसतानाही पेशीला वाटतं निरोप आलाय. आतड्याच्या अस्तरात मूळपेशींना विभागत ठेवायचं काम विंटचंच, त्यामुळे निरोप थांबलाच नाही तर काय होणार ते उघड आहे.

ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना कमी वयात आतड्याचा कर्करोग झालाय, त्यांनी कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. मला इथे खासगी निरोप पाठवून उपयोग नाही, आपल्या गावातला डॉक्टर गाठा.

केळफूल

मूळ प्रश्न राहिला ना? मोठेपणी मेंदूत काय करतं हे?

रानवाटा

@केळफूल, तिकडेच येतेय. पण मधला टप्पा टाळून चालणार नाही.

पहिलं काम, मेंदूचा आराखडा. १९९० मध्ये दोन गटांनी उंदरातलं विंट-१ (म्हणजे वरचं इंट-१) निकामी केलं. एक गट मॅकमहन आणि ब्रॅडली यांचा, दुसरा थॉमस आणि कपेकी यांचा. (हेच मारियो कपेकी, २००७ चं नोबेल.) पिल्लांमध्ये मध्यमेंदू आणि लहान मेंदूचा मोठा भाग घडलाच नाही. मजा म्हणजे 'स्वेइंग' नावाचे झोकांड्या खाणारे उंदीर प्रयोगशाळांत आधीपासून होते. त्यांच्यातला बिघाडही विंट-१ चाच निघाला.

दुसरं काम, तारा कुठे जायच्या ते ठरवणं. मज्जारज्जूत काही चेतापेशींचे तंतू मधली रेघ ओलांडतात आणि मग डोक्याच्या दिशेला वळतात. त्यांना कोण सांगतं डोकं कुठे आहे? २००३ मध्ये यिमिन झोऊ यांच्या गटाने दाखवलं, की डोक्याच्या बाजूला विंट-४ जास्त आणि शेपटीकडे कमी असतं. तंतू फ्रिझल्ड-३ ने ते हुंगत जास्तीच्या दिशेला चढतात. आणि मेंदूकडून खाली हातापायांकडे येणारे तंतू? त्यांच्यावर राइक नावाचा वेगळा ग्राही असतो. त्यांना विंट नकोसं वाटतं, म्हणून ते त्याच्यापासून दूर, खाली सरकतात. वर जाणाऱ्यांना आणि खाली येणाऱ्यांना दिशा दाखवणारं कुटुंब एकच, फक्त वाचणारे वेगळे.

तिसरं काम, जोडणी, म्हणजे सिनॅप्स. लंडनमध्ये पॅट्रिशिया सालिनास यांनी २००० मध्ये लहान मेंदूत पाहिलं, की इथे निरोप उलटा जातो. ज्या पेशीला संदेश मिळणार आहे तीच विंट-७ए सोडते आणि पाठवणाऱ्या तंतूचं टोक त्यामुळे पसरट होतं, तिथे संदेशवाहक रसायनांच्या पिशव्या गोळा होतात. माझ्या माश्यांमध्येही चेतातंतू आणि स्नायू यांची जोडणी नीट घडायला विंगलेस लागतं. विव्हियन बुडनिक यांच्या गटाने ते २००२ मध्ये दाखवलं. जे जनुक पंख घडवतं तेच!

आणि मोठेपणी ही जोडणी नुसती टिकवायलाही विंट लागतं. विंटला अडवणारं डिककॉफ-१ नावाचं प्रथिन आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ते वाढलेलं आढळलंय. सालिनास यांच्या गटाने प्रौढ उंदरांच्या मेंदूत, स्मृतीशी संबंधित भागात, ते मुद्दाम वाढवलं. पेशी मेल्या नाहीत, पण सिनॅप्स कमी झाले आणि स्मरणशक्ती ढासळली. डिककॉफ बंद केल्यावर सिनॅप्स परत आले, स्मरणही सुधारलं. हा २०१६ चा निबंध मी छापून भिंतीला लावला होता. यावरून उद्या अल्झायमरचं औषध येणार असं मात्र कोणी समजू नका. ते निरोगी उंदीर होते आणि विंट सरसकट वाढवलं तर काय होतं ते स्टेथोस्कोप यांनी सांगितलंच आहे.

निळी_शाई

म्हणजे निरोपात अर्थ नसतोच का? अर्थ सगळा ऐकणाऱ्याकडे?

रानवाटा

अगदी. शाळेची घंटा एकच असते, पण सकाळी वाजली की रांगेत उभं राहायचं आणि संध्याकाळी वाजली की दप्तर उचलून पळायचं. पेशीचं वय काय, तिच्यावर ग्राही कोणते, आधी कुठली जनुकं उघडी आहेत, यावर त्याच विंटचा अर्थ ठरतो. गर्भशास्त्राची पुस्तकं वाचताना 'अमुक प्रथिन तमुक अवयव बनवतं' अशी वाक्यं दिसली की मी पेन्सिलीने तिथे प्रश्नचिन्ह काढते.

केळफूल

माझ्या धाकट्या भावाला बायपोलरसाठी लिथियम चालू आहे, काही वर्षं झाली, तब्येत छान आहे. औषधाबद्दल वाचताना 'जीएसके-३' हा शब्द दिसला होता. तो हाच का? आणि मग लिथियमने शरीरात विंट वाढतं का? तुमचा आणि स्टेथोस्कोपदादांचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला.

रानवाटा

हो, तोच. यामागची हकिगत सांगते, तिने कदाचित भीती कमी होईल.

ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांना लिथियम देऊन फरक पडतो हे दाखवलं. का फरक पडतो याचा कोणालाच पत्ता नव्हता. तिकडे गर्भशास्त्रवाल्यांना वेगळंच कोडं होतं. बेडकाच्या कोवळ्या भ्रूणात पोटाकडच्या पेशींत लिथियम टोचलं की तिथे दुसरी पाठ, दुसरं डोकं तयार व्हायचं. १९९६ मध्ये पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी उत्तर दिलं, लिथियम जीएसके-३ ला अडवतं. टोळीतला तोच मोहरा अडला की बीटा-कॅटेनिन साठतं आणि पेशीला वाटतं विंट आलंय. म्हणून दुसरं डोकं.

पण बेडकाच्या भ्रूणातली मात्रा आणि तुमच्या भावाच्या रक्तातली मात्रा यांत प्रचंड अंतर आहे. लिथियम इतर एन्झाइमांनाही अडवतं आणि मनोविकारावर ते नक्की कोणत्या वाटेने काम करतं यावर अजून वाद आहे. पुढचं डॉक्टरांनी बोलावं.

स्टेथोस्कोप

@केळफूल, गोळी बंद करायची नाही, कमीही करायची नाही. लिथियम अचानक थांबवणं हाच मोठा धोका असतो. लिथियम घेणाऱ्यांमध्ये कर्करोग वाढतो असं मोठ्या पाहण्यांमधून दिसलेलं नाही. लक्ष ठेवायचं ते रक्तातल्या लिथियमच्या पातळीवर, थायरॉइडवर आणि मूत्रपिंडांवर. उन्हाळ्यात किंवा जुलाब झाले तर पाणी-मीठ कमी पडू देऊ नका, पातळी वाढते. अंगदुखीसाठी परस्पर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, त्यांनीही वाढते. हे त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असणारच.

केळफूल

खूप आभार दोघांचे. जुलाबाचं माहीत नव्हतं, आजच त्याला सांगते.

टवाळ_टग्या

गंभीर प्रश्न. इन्स्टावर 'विंट ॲक्टिव्हेटर हेअर सीरम' नावाची जाहिरात माझ्या मागे लागली आहे. कपाळ आता मानेपर्यंत पोचलंय. घेऊ का?

रानवाटा

पैसे जास्त झाले असतील तर घ्या. केसांच्या मुळांशी विंटचा संबंध मात्र खरा आहे. १९९८ मध्ये एलेन फुक्स यांच्या लॅबने उंदरांच्या त्वचेत न मोडणारं बीटा-कॅटेनिन घातलं, तेव्हा प्रौढ त्वचेत नवी केसमुळं उगवली. जाहिरातवाले एवढंच सांगतात. त्याच उंदरांना पुढे केसमुळांच्या गाठी झाल्या, हे त्यांच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं. बाटलीत खरोखरचं विंट असेल याची तर मला सुतराम शक्यता वाटत नाही. त्याच्या अंगाला एक स्निग्धाम्ल चिकटलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात राहायला तयारच नसतं. शुद्ध स्वरूपात पहिलं विंट हाती यायला २००३ उजाडलं, कुटुंब सापडून दोन दशकं झाल्यावर.

डबक्यातला

पुण्याचा झेंडा लावायला आलोय. विंटवर धागा आणि हायड्रा नाही?

हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला काही मिलिमीटर लांबीचा जीव, नळीसारखं अंग आणि वर शुंडकं. कापला तर प्रत्येक तुकड्याचा पुन्हा अख्खा हायड्रा होतो. वरच्या बाजूलाच डोकं का उगवतं? २००० मध्ये होबमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डोक्याच्या टोकाशी विंट असतं आणि नवं डोकं उगवायचं असेल तिथे ते आधी प्रकट होतं. जीएसके-३ ला अडवणारं रसायन पाण्यात घातलं तर अंगभर शुंडकं फुटतात! मी एम.एस्सी.ला असताना सूक्ष्मदर्शकाखाली हे बघून शेजारच्या लॅबमधल्यांना हाका मारून बोलावलं होतं.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रावर आणि कोंबडीच्या भ्रूणावर पुष्कळ काम केलंय. तिथे वापरल्या जाणाऱ्या स्थानिक हायड्राच्या वाणाच्या शास्त्रीय नोंदीतच पुण्याचं नाव आहे.

समुद्रफुलात (हायड्राचाच समुद्रातला नातेवाईक) तर माणसातल्या विंट उपकुटुंबांपैकी बहुतेक सगळी सापडली आहेत. म्हणजे मेंदू नावाची वस्तू अस्तित्वात येण्याआधीपासून हे कुटुंब भरलेलं होतं. आधी डोकं-शेपूट ठरवायचं काम, चेतासंस्थेने ते नंतर उचललं, असं मला वाटतं.

रानवाटा

झेंडा मान्य. शेवटच्या वाक्याशी थोडी असहमती. हायड्राला मेंदू नसला तरी चेतापेशींचं जाळं आहे आणि समुद्रफुलालाही. आधी कोणतं काम, याचा पुरावा तेवढ्यावरून मिळत नाही.

डबक्यातला

चेतापेशी नसलेल्या स्पंजांतही विंट आहे की.

रानवाटा

हे बरोबर. मुद्दा तुमचा.

तर्कटी

सगळे फार खूश दिसताय म्हणून पाणी ओततो. 'एक पेशी सोडते, लांबची पकडते, जास्ती-कमीवरून दिशा आणि अंतर कळतं' हे चित्र पुस्तकांत अनेक दशकं आहे. २०१४ मध्ये लंडनला ज्याँ-पॉल व्हिन्सेंट यांच्या गटाने माशीतलं विंगलेस पेशीच्या पटलालाच बांधून टाकलं, सुटून जाताच येणार नाही असं. चित्र खरं असतं तर त्या माश्या घडायलाच नको होत्या. त्या घडल्या. पंखही जवळपास ठीक होते, फक्त वाढ थोडी उशिरा झाली. मग ते 'हुंगत चढणं' वगैरे कितपत खरं? शर्मांच्या माश्यांच्या जागी हाच प्रयोग आधी झाला असता तर पुस्तकं वेगळी लिहिली गेली असती.

रानवाटा

तर्कटी आले, धागा पूर्ण झाला.

तो प्रयोग निर्विवाद आहे आणि मला अतिशय आवडतो. अळीच्या अंगातल्या ज्या चकतीतून पुढे पंख होतो, तिच्यात सुरुवातीला सगळ्याच पेशी विंगलेस बनवत असतात, नंतर ते एका पट्ट्यापुरतं उरतं. पेशींना तो जुना निरोप बराच काळ 'आठवत' असावा आणि शेजाऱ्याच्या अंगाला चिकटलेलं विंगलेस पुरत असावं, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे पंखासाठी लांबचा प्रवास अटळ नाही. पण त्यावरून कुठेच प्रवास होत नाही असं निघत नाही. २०१८ मध्ये पानी आणि गोल्डस्टीन यांनी सीनोऱ्हॅब्डायटिस कृमीत चमकणारं विंट जिवंतपणी पाहिलं. ते पेशींच्या बाहेरून पसरतं आणि जास्ती-कमीचा उतार तयार होतो. माशीतही मूत्रनलिकांना सुटं विंगलेस लागतं, बांधलेलं पुरत नाही, असा त्याच वर्षीचा निबंध आहे.

तर्कटी

कृमीचा निबंध वाचलाय. तिथे अंतर काही पेशींएवढं. मज्जारज्जूत ते कितीतरी जास्त. तिथे असं जिवंतपणी कोणी पाहिलंय?

रानवाटा

मज्जारज्जूतला पुरावा वेगळ्या प्रकारचा आहे. तुकडा काढून ताटलीत ठेवला, एका बाजूला विंट-४ सोडणाऱ्या पेशी ठेवल्या, तंतू तिकडे वळले. फ्रिझल्ड-३ नसलेल्या उंदरांत तंतू मधली रेघ ओलांडल्यावर भरकटतात. उतार आहे हे आरएनएच्या पातळीवर दिसतं. तुम्हाला हवंय तसं चमकणारं चित्र नव्हे, पण नुसता तर्कही नव्हे.

तर्कटी

ताटलीत तंतू कशाकडेही वळतात. बाकी फ्रिझल्ड-३ चा मुद्दा वजनदार आहे, तो घेतो.

स्टेथोस्कोप

मध्येच एक. आमच्या हाडवाल्या मित्रांसाठी विंट म्हणजे हाडं. एलआरपी-५ (वर आलेल्या एलआरपी ग्राहीचाच एक प्रकार) निकामी असलेल्या मुलांची हाडं ठिसूळ होतात, तर त्याच जनुकातल्या वेगळ्या बदलाने काही कुटुंबांत हाडं विलक्षण दणकट होतात. विंटला अडवणाऱ्या स्क्लेरोस्टिनला थोपवणारं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून ठिसूळ हाडांसाठी मंजूर आहे. ते वर्षभरच देतात आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेलेल्यांना देत नाहीत.

टवाळ_टग्या

म्हणजे पंख, डोकी, मेंदू, आतडं, केस, हाडं. उरलं काय?

डबक्यातला

शुंडकं. ती मी घातली.

निळी_शाई

रानवाटाताई, नोच आणि हेजहॉग या निरोपाच्या दुसऱ्या कुटुंबांवरही असाच धागा काढा ना. आणि हो, 'स्वेइंग' उंदरांबद्दल अजून वाचायचं आहे. ते विंट-१ पूर्ण नसूनही जगतात कसे?

रानवाटा

त्यांच्या विंट-१ जनुकात एकच अक्षर गळलेलं आहे, त्यामुळे प्रथिन अर्धवट बनतं. मध्यमेंदू आणि लहान मेंदूचा नुकसान झालेला भाग प्रत्येक उंदरात कमी-जास्त असतो, काहींमध्ये लहान मेंदू बऱ्यापैकी घडतो आणि ते लडखडत का होईना जगतात. शर्मांच्या माश्यांसारखंच. एकाच वाणात कोणाला दोन पंख, कोणाला एक. असं का होतं यावर नोचच्या धाग्यात लिहिते, तिथेही हाच घोळ आहे.

तर्कटी

नोचच्या धाग्यात मी पहिला.